भाऊबीजेचे पत्रे

आमच्या घराला गावात बोडकं घर म्हणत. चीनशी लढाई झाली त्या सुमारास पिंपरीजवळच्या ओढ्याकाठी वडिलांनी ते बांधलं, तेव्हा आजूबाजूला ज्वारीची रानं होती आणि होती ती सगळी घरं कौलारू. आमच्या घराला कौल नाही, उतार नाही, वर नुसता सपाट स्लॅब. भिंतींना गिलावासुद्धा नाही; काँक्रीट ओतताना लावलेल्या फळ्यांचे वळ तसेच ठेवलेले. ओढ्याकडची अख्खी भिंत काचेची आणि तिच्यापुढे पाण्यावर काढलेला सज्जा. परदेशात शिकून आलेल्या एका तरुण आर्किटेक्टची ही करामत. येणारेजाणारे थांबून विचारायचे, "काम अर्धं का सोडलं?" आईला या प्रश्नाचा एवढा संताप यायचा की पुढेपुढे ती "गवंडी पळून गेला" असं सांगून मोकळी व्हायची.

वडील पिंपरीतल्या एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. साताऱ्याकडच्या खेड्यात, शेणाने सारवलेल्या दोन खणांत वाढलेला माणूस. आपण कुठून कुठे आलो हे त्यांना त्या घराकडे बघून कळायचं, म्हणून त्यांचा त्या घरावर जीव होता. हे मला आता समजतं. तेव्हा मला नुसता राग यायचा, कारण घर गळायचं.

थोडंथोडकं नाही. जून लागला की आईचा पलंग घरभर फिरायचा. आज या कोपऱ्यात, उद्या त्या. कंपनीतून आणलेले पॅकिंगचे प्लास्टिकचे कागद छताखाली ताणून बांधलेले असत. त्यांना पाण्याने पोट सुटलं की मी खालून सुई टोचायचे आणि धार बादलीत धरायचे. डांबर फासून झालं, विटांचा कोबा घालून झाला. पाणी दर वर्षी नवी वाट शोधायचं. आईला दमा जडला. घरात ओल आणि बाहेर ओढा. त्याच ओढ्यात मी लहानपणी खेकडे धरले होते. मी मॅट्रिक होईतो त्यात कंपन्यांचं पाणी येऊन कधी जांभळं, कधी गंजकं असं काहीही वाहायचं. त्या वाफेने देव्हाऱ्यातले पितळी देव दोन दिवसांत काळे पडत. आईच्या छातीत काय होत असेल ते देवच जाणे. डॉक्टरांनी वडिलांना समोर बसवून सांगितलं, "औषधं मी देतोय. पण बाईंना कोरड्या खोलीत झोपवा, नाहीतर एखाद्या पावसाळ्यात त्या हाताला लागायच्या नाहीत."

उपाय सगळ्यांना ठाऊक होता. स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभा करायचा, उतार द्यायचा आणि पत्रे टाकायचे. शेजारच्या काळेवाडीत निम्म्या घरांवर तेच होतं. आईचं माहेर पुनावळ्याचं. तिचा धाकटा भाऊ, माझा मामा, तिथे शेती बघायचा. तो दर खेपेला म्हणायचा, "दाजी, हे घर हाय का पान्याची टाकी?" वडिलांचं उत्तर ठरलेलं, "पत्रे टाकले की घर राहत नाही, त्याचं गोदाम होतं."

एका दिवाळीला मामा भाऊबीजेला बैलगाडी घेऊन आला. ओवाळून झाल्यावर आईने तबक पुढे धरलं, तर म्हणाला, "आक्का, ओवाळनी भाईर हाय. तबकात मावायची न्हाई." गाडीत नवेकोरे पत्रे होते. आई हसता हसता खोकली आणि खोकता खोकता रडली. वडील बाहेर गेले, एका पत्र्यावर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाले, "बरं. संक्रांत झाली की टाकू." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मला तर त्या दिवशी वडील चक्क आवडले.

संक्रांतीच्या आतच रस्ता आला. म्हणजे मोजणीची साखळी घेऊन माणसं आली आणि त्यांनी चुन्याची रेघ आखली. ती आमच्या स्वयंपाकघरातून जात होती. ओढ्याकाठून मोठा रस्ता व्हायचा होता आणि घर पडणार होतं. वडिलांना जेवण जाईना. मग त्या आर्किटेक्टने, तोवर तो बडं प्रस्थ झाला होता, त्यांना वाट सांगितली. पुण्यात एक समिती आहे. तिने घर ऐतिहासिक वास्तू म्हणून ठरवलं की कुणाला हात लावता येणार नाही. वीसेक वर्षांचं घर ऐतिहासिक! मामा म्हणाला, "मंग आमचा गोठा त्याच्याहून जुना हाय, त्याला बी पाटी लावा."

वडील पुण्याला खेटे घालू लागले. आईला त्यांनी शब्द दिला, "एकदा हे होऊ दे. दुसऱ्या दिवशी तुझे पत्रे वर." पत्रे घरामागे भिंतीला टेकून उभे राहिले.

समिती गुरुवारी आली. आमच्याकडे कंपन्यांना गुरुवारची सुट्टी, त्यामुळे ओढा जरा निवळलेला असायचा. वडिलांनी वार बघूनच बोलावलं होतं. आदल्या दिवशी आईने घर डोक्यावर घेतलं. टेबलावर उभं राहून तारेच्या ब्रशने छताचे पांढरे ओघळ मी घासले. प्लास्टिक निघालं, बादल्या न्हाणीघरात गेल्या, आईच्या औषधाच्या बाटल्या पिठाच्या डब्यामागे लपल्या. मी म्हटलं, "अगं, बघू दे की त्यांना आपण कसे राहतो ते." ती म्हणाली, "घरी आलेल्या माणसांसमोर रडगाणं गायचं नसतं." कुणी पाहुणा येणार म्हटलं की आमच्याकडे हेच चालायचं. फाटकी गादी आत आणि चांगली चादर बाहेर.

समितीतले वयस्कर गृहस्थ फार सज्जन होते. त्यांनी भिंतींवरून हात फिरवला, सज्ज्यात उभं राहून "किती शांत आहे इथे" म्हणाले. आई आत पदराचा बोळा तोंडात धरून खोकला दाबत होती. ती पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली, नेमकं तेव्हाच त्यांनी वडिलांना विचारलं, "सपाट स्लॅब म्हणजे गळत असेल, नाही?"

वडिलांनी आईकडे पाहिलं. त्यांना तोंड उघडायला अवधीच मिळाला नाही.

"छे हो," आई म्हणाली, "एक थेंबही नाही."

जाताना त्यांना घरामागचे पत्रे दिसले. वडील म्हणाले, "मेहुण्याचे आहेत. गोठ्यासाठी आणलेत."

उन्हाळ्यात घर ऐतिहासिक झालं. रस्ता ओढ्याच्या पलीकडे सरकला, वडिलांनी पेढे वाटले आणि दाराशी पितळी पाटी लागली. तीही काळी पडायची, म्हणून आई देवांबरोबर तिलाही चिंचेने घासू लागली. पण अट अशी होती की घराच्या बाहेरच्या रूपात काडीचाही बदल करायचा नाही. वडिलांनी पत्र्यांसाठी रीतसर परवानगी मागितली. उत्तर आलं की समितीने घर स्वतः पाहिलं आहे, ते गळत नसल्याचं घरच्यांनीच सांगितलं आहे, तेव्हा पत्र्यांची गरज दिसत नाही. आणि टाकलेच तर दर्जा काढून घेतला जाईल. वडिलांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. आई हसली. "मीच सांगितलं होतं की," म्हणाली.

मामा शिडी घेऊन आला. "चढतो मी. बघू कोन येतंय आडवायला." वडीलच आडवे आले. "रस्ता परत येईल," एवढंच म्हणत राहिले. मी त्यांना तोंडावर म्हटलं, "तुम्हाला घर पाहिजे का आई?" त्यांनी मामाची शिडी उचलून भिंतीपासून दूर नेली. त्या दिवसाची माफी मी त्यांना अजूनही दिलेली नाही.

पावसाळा सुरू झाल्यावर मामा आईला पुनावळ्याला घेऊन गेला. तिथे कौलांखाली ती बरी झोपायची. पण आठवड्याच्या आत परत आली, कारण वडिलांना साधा चहा करता येत नव्हता आणि मी दिवसभर शाळेत शिकवायला जायचे. तिचा पलंग फिरत फिरत शेवटी स्वयंपाकघरात आला, जिथून चुन्याची रेघ गेली होती तिथे. तेवढीच जागा कोरडी उरली होती. श्रावणात, सकाळी मी तिच्यासाठी पेज गाळत असताना, ती गेली.

पाऊस थांबत नव्हता. नदीकाठची आमची स्मशानाची जागा तेव्हा उघडीच होती, वर शेड नव्हती. अंगणात छत्र्या धरून माणसं कुजबुजत होती. लाकडं भिजली तर कसं व्हायचं? कुणीतरी म्हणालं, "चितेवर धरायला पत्रं लागत्याल. कुनाकडं हायत का?"

मामा खाली बघत होता. मग वडील उठले.

"घरामागे आहेत," म्हणाले.

चारपाच जणांनी ते खांद्यावर घेतले. बायका स्मशानात जात नसत, म्हणून मी सज्ज्यात उभी राहून बघत होते. तिरडी पुढे आणि पत्रे मागे. पावसाचा पत्र्यांवरचा आवाज ओढ्याच्या वळणापर्यंत ऐकू येत होता. आईला तो आवाज घरात, अंथरुणात पडून ऐकायचा होता.

संध्याकाळी मामा निथळत परत आला. पत्रे आणले नव्हते; तिथलं काही घरी आणत नाहीत. वडील काचेच्या भिंतीशी बसले होते आणि त्यांच्या शेजारच्या बादलीत छतातून टपटप चालू होती. त्यांनी मामाला विचारलं, "वरून गळलं नाही ना रे?"

मामा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हा त्यांना मारतोय.

"न्हाई, दाजी," तो म्हणाला. "येक थेंब बी न्हाई."