पूजेला बसलेली अर्धी रायफल

लंडनजवळच्या पिनरमध्ये श्रीकांत चांदोरकरांच्या घरात कुठलीही वस्तू एका जन्मात सुटत नसे. चादर विरली की तिचे अभ्रे व्हायचे, अभ्रे फाटले की फडकी, आणि फडक्यांच्या चिंध्या झाल्या की त्यांनी रायफल पुसली जायची. हे ऐकताना पाहुणे फडक्यांपर्यंत कौतुकाने माना डोलवत आणि शेवटच्या पायरीला हातातला चहा खाली ठेवत. हॅरोच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेला, घरातही कानटोपी घालून बसणारा हा गृहस्थ रायफल बाळगतो, यावर कुणाचा विश्वास बसणार?

शाळेतल्या एका सहकाऱ्याने त्यांना एकदा नेमबाजीच्या क्लबात नेलं होतं. तिथे चटईवर पालथं पडून खेळायचं असतं हे कळल्यावर, आपली आधीची वर्षं उगाच उभ्याने गेली, असं त्यांना वाटलं. नेम बरा होता, पण त्यांचा खरा हात वाऱ्यात होता. लांबवर लावलेले झेंडे कसे फडफडताहेत ते बघून ते गोळी किती वाहवेल ते सांगत, आणि ते बरोबर निघे. मग टीमचा कॅप्टन डेरेक, हा निवृत्त पोस्टमन, दर मॅचला त्यांच्याकडे वळून विचारायचा, "वारा काय म्हणतो, श्री?"

या देशात चांदोरकरांना पुष्कळ प्रश्न विचारले गेले होते. मूळचे कुठले, थंडी सोसते का, जेवण फार तिखट असतं का. पण त्यांचं मत त्या नेमबाजीच्या रेंजवर पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं, आणि ते ऐकायला सात माणसं चटईवर गप्प पडून राहिली होती. त्या एका प्रश्नासाठी ते वर्षभर जगत, असं म्हटलं तरी चालेल.

रायफल पोलादी कपाटात कुलूपबंद असे. लायसन्ससाठी आलेल्या पोलीस ऑफिसरने मधुमतीबाईंच्या हातचा चिवडा खात खात बजावलं होतं, की किल्लीची जागा फक्त मिस्टर चांदोरकरांना ठाऊक असली पाहिजे, मिसेसना सुद्धा नाही. आता या बाईंना नवऱ्याच्या बँकेचा पिन, बनियनचं माप आणि कोलेस्टेरॉलचा आकडा तोंडपाठ. त्यांच्या घरात त्यांच्यापासून लपलेली ही एकच वस्तू, आणि तीही सरकारी हुकमाने. ते शल्य त्यांना चांगलंच टोचत होतं. ऑफिसर पुन्हा आला तेव्हा त्यांनी त्याच्यापुढे नुसती बिस्किटं ठेवली.

तरी खंडेनवमीला रायफलीची पूजा त्याच करायच्या. त्यांचे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर होते. नवमीला लेथला झेंडूची माळ पडायची आणि दसरा होईपर्यंत यंत्राला कुणी हात लावायचा नाही, हा त्या घरचा कायदा. तोच त्यांनी पिनरला आणला होता. चांदोरकर त्यांना खोलीबाहेर घालवून किल्ली काढत, रायफल पाटावर ठेवत, हळदकुंकू होईपर्यंत शेजारी पहारा देत आणि मग कपाटात ठेवून देत. दसऱ्याची आरती होईपर्यंत ती बाहेर काढायची नाही.

त्या वर्षी रायफलीच्या गोळ्या भरकटू लागल्या. चांदोरकरांनी आधी वाऱ्याला दोष दिला, मग चष्म्याला, मग काडतुसांना.

"श्री, तुझी बॅरल संपली," डेरेक म्हणाला. "नवीन बसव. ऑक्टोबरच्या मॅचला ही अशीच आणलीस तर तुझी जागा मला राखीवमधल्या त्या डेंटिस्टला द्यावी लागेल."

चांदोरकरांच्या तोंडचं पाणी पळालं. डेंटिस्टला वाऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण धडधाकट दिसणारी बॅरल फेकायची म्हणजे त्यांच्या सगळ्या चादरींचा अपमान. ते रायफल घेऊन ग्रॅहम नावाच्या कारागिराकडे गेले. ग्रॅहमने नळीत बारीक कॅमेरा सरकवला. मागच्या टोकाला, जिथे काडतूस बसतं आणि फुटतं तिथे, आतलं पोलाद उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या तळासारखं भेगाळलेलं होतं. पुढे मात्र नळी ठणठणीत.

"मागचं टोक कापून टाकू," ग्रॅहम म्हणाला. "चांगल्या भागात काडतुसासाठी नवं चेंबर कोरतो, पुन्हा आटे पाडतो आणि बसवतो. थोडी आखूड होईल एवढंच."

चांदोरकरांना त्याला मिठी मारावीशी वाटली. खाली झिजलेली पॅन्ट आखूड करून वापरायची, हे त्यांचं आयुष्यभराचं तत्त्वज्ञान. ते एक इंग्रज माणूस आपणहून बोलून दाखवत होता.

काम झाल्यावर ग्रॅहम कापलेला तुकडा भंगारात टाकणार, तोच चांदोरकरांचा हात पुढे आला. कायद्याने तो हत्याराचा भाग ठरू नये म्हणून ग्रॅहमने तो उभा चिरून निव्वळ लोखंड करून दिला. घरी तो फ्रिजच्या डुगडुगत्या पायाखाली अगदी फिट्ट बसला. आता रायफलीला आणखी दहा वर्षं मरण नाही, अशा आनंदात त्यांनी डेरेकला मॅचसाठी होकार कळवला.

तारीख दिनदर्शिकेत मांडायला गेले तेव्हा त्या चौकोनात लाल अक्षरांत खंडेनवमी लिहिलेली होती.

"जमणार नाही," मधुमतीबाई म्हणाल्या. "त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही."

"अगं, पण टीममधली जागा जाईल माझी."

"जाऊ दे. माझ्या वडिलांनी एकदा अर्जंट ऑर्डर म्हणून नवमीला लेथ चालू केला. त्यांची करंगळी बघितलीत ना तुम्ही?"

चांदोरकरांनी बघितली होती, म्हणजे जेवढी उरली होती तेवढी. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. किल्ली त्यांच्याकडे होती, त्यामुळे रायफल नेता आली असती. पण परत याच घरी यायचं होतं. बाईंनी अबोला धरला आणि सगळं बोलणं लीड्सच्या हॉस्पिटलात डॉक्टर असलेल्या लेकीमार्फत सुरू केलं.

"बाबा, आई म्हणते तू संडेला रायफल टच नाही करायचा," ईशानी फोनवर म्हणाली. "आणि येताना फ्लॉवर आण. तुम्ही दोघं सेम घरातच आहात ना?"

"सेम किचनमध्ये आहोत," चांदोरकर म्हणाले.

मॅचच्या आदल्या दिवशी त्यांनी हार मानली. डेरेकला नाही म्हणून कळवायला फोन हातात घेतला आणि ते नुसतेच बसून राहिले. उद्या वारा काय म्हणतो ते डेंटिस्टला विचारणार, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले. मधुमतीबाईंनी ते बघितलं. त्या फ्रिजपाशी गेल्या आणि त्यांनी फ्रिजला खांदा लावला.

"नुसते बघताय काय? उचला," त्या म्हणाल्या. फ्रिज कलला तसा त्यांनी पायाखालचा तुकडा ओढून काढला. "काडतूस फुटायचं ते यातच ना?"

"हो."

"म्हणजे रायफलीचा जीव हा. उरली ती नुसती नळी आणि लाकूड. हा उद्या पूजेला बसेल, तुमची नळी जाऊ दे खेळायला."

चांदोरकरांनी गणिताच्या मास्तराच्या नजरेने या युक्तिवादात चूक शोधली. सापडली नाही, आणि फार शोधलीही नाही.

दुसऱ्या दिवशी रेंजवर त्यांची पहिली गोळी टार्गेटच्या बऱ्याच वरून निघून गेली. बॅरल आखूड झाली की साइटचं, म्हणजे नेम धरायच्या खाचेचं, गणितही बदलतं, आधी तपासून घे, असं ग्रॅहमने सांगितलं होतं. पण काडतुसं वाचवायची म्हणून यांनी तपासलंच नव्हतं. सुंभ जळेल, पीळ जाणार नाही. नशिबाने पहिल्या दोन गोळ्या सरावाच्या, मार्कांत न धरायच्या. त्यांनी साइट खाली घेतली. दुसरी मधोमध लागली, आणि पुढच्या साऱ्या तिच्याच आसपास बसत गेल्या.

"असं केलंस तरी काय?" संपल्यावर डेरेकने विचारलं.

"अर्धी रायफल बायकोने घरी ठेवून घेतली," चांदोरकर म्हणाले, आणि मग त्यांना सगळंच सांगावं लागलं. डेरेक हसला नाही. पोस्टात कुत्र्यांशी गाठ पडलेला माणूस अशा गोष्टींना हसत नाही.

पुढच्या मॅचला त्याने आधी वारा काय म्हणतो ते विचारलं, आणि मग आवाज खाली आणून, "मधुमतीकडचा तुकडा ठीक आहे ना?"

पुढच्या नवमीला सकाळी दाराची बेल वाजली. दारात डेरेक उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात बिस्किटांचा डबा. त्यानेही बॅरल आखूड करून घेतली होती, आणखी दोघांनीही. डेंटिस्टची तर नवीकोरी होती, तरी त्याने ग्रॅहमला कापायला सांगून बघितलं होतं, पण ग्रॅहमने नकार दिला. डब्यात टिश्यूत गुंडाळलेले तीन चिरलेले तुकडे होते.

मधुमतीबाईंनी पाटावर ते आपल्या तुकड्याशेजारी मांडले, चारही तुकड्यांना हळदकुंकू वाहिलं, एकेक झेंडू ठेवला. डेरेक बूट काढून भिंतीशी हात जोडून उभा राहिला. चांदोरकर सवयीने पहारा द्यायला पाटाशेजारी बसले.

"तुम्ही उठा," बाई म्हणाल्या. "या माझ्या रायफली. यांना कुलूप नाही."

मग त्यांनी डेरेकला चिवडा दिला.