नाव न घेता विकलेला पिंजरा

भात कापून झालं आणि थंडीबरोबर शेतातले उंदीर आमच्या घरात शिरले. ताईचं लग्न तोंडावर आलेलं आणि तिचा शालू लाकडी पेटीत. म्हणून मी रत्नागिरीच्या आठवडा बाजारात गेले. तिथे पिंजरे विकणारी एक बाई प्रत्येक पिंजरा कानाशी धरून त्याचं दार खटकन पाडून बघत होती.

"मावशी, उंदरांचा पिंजरा द्या," मी म्हटलं.

तिने घाईघाईने माझ्या तोंडाशी हात आणला. "अगो, नाव नको घेऊस! ऐकलं तर घरातले सगळे कपडे कुरतडतील."

"मी बी.एस्सी. आहे मावशी, आमच्या घरातली पहिली. उंदराला मराठी कळतं होय?"

"रत्नागिरीत जन्मलाय तो. मराठी नाही तर काय इंग्रजी कळेल त्याला?"

आजूबाजूचे हसले, मीही हसले. तिने पिंजरा कागदात गुंडाळून, दागिना द्यावा तसा हळूच माझ्या पिशवीत सरकवला.

संध्याकाळी त्यात भाजलेलं खोबरं लावलं. सकाळी एक जाडजूड सापडला. पुढच्या बाजाराला मी लांबूनच ओरडले, "मावशी, शालू शाबूत आहे!"

उंदराचं नाव मात्र काढलं नाही. शिक्षण शिक्षणाच्या जागी. लग्न अजून व्हायचं होतं आणि शालू पेटीतच होता.