भैरूचा शनिवार

"काकू, वजन वाढलं," डॉक्टर म्हणाले. "एकोणतीस."

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. एकोणतीसच. काटा धान्याचा. आमच्या कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये मोठा काटा नाही, म्हणून चिखलीला ओळखीच्या एका अडत्याच्या दुकानात, दुपारी पोत्यांची गर्दी ओसरली की आम्ही त्यांना तोलतो. शेठ दर वेळी म्हणतात, "काकू, माल वाळवून आणत जा, ओला दिसून राह्यला." एरवी मी हसते. त्या दिवशी नाही हसले.

काट्यावर बसला होता भैरू. काळा कुळकुळीत, कपाळावर एक पांढरा केस नाही. आमच्याकडे आला तेव्हा तेहतीस किलोचा होता. आपल्या गावठी कुत्र्याला वीस-बावीस पुष्कळ होतात. आधी दुसरबीडच्या एका घराने राखणीला नेला आणि आठ दिवसांत परत आणला. "चोर आला तं हा उठेपर्यंत चोर जेवून जाईन," म्हणे. मग मी पाच महिने त्याला मोजून खाऊ घातलं. उकडलेलं कोहळं, थोडा भात, एक अंडं. सत्तावीसवर आणला. शिकलेली मी नाही, पण कुत्र्याचं वजन हाताला कळतं. साधी खूण सांगते. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्याला दिसता कामा नयेत. भैरूच्या नुकत्या कुठे लागायला लागल्या होत्या. तेव्हा चिखलीचेच पाठक सर आणि त्यांच्या मंगलाताई त्याला घेऊन गेले. एक महिना ट्रायल. म्हणजे महिनाभर कुत्रा त्यांच्या घरी राहतो, आम्ही वजन आणि तब्येत बघतो, आणि मगच कागदावर सही.

महिना झाला आणि दोन किलो वाढले.

डॉक्टरांनी भैरूचा मागचा उजवा पाय वाकवून बघितला. "गुडघा झिजला आहे, काकू. पुन्हा तीस किलोच्या वर गेला तर बसलेला उठणार नाही. सही नको. अजून एक महिना बघू. एक किलो तरी उतरला नाही, तर परत घ्या."

पट्टा सरांच्या हातात होता. तो त्यांनी मनगटाला आणखी एक वेढा दिला.

"काकू, मी मोजून देऊन राह्यलो हो," ते म्हणाले. "सकाळी वाटी, संध्याकाळी वाटी. तुमी दिलेलीच वाटी."

खरं सांगू? माझा विश्वास बसला नाही. लठ्ठ कुत्र्याचा मालक नेहमी म्हणतो, हा काहीच खात नाही. शनिवारी डॉक्टर शेल्टरवर असतात, मला सुट्टी मिळते. त्या शनिवारी सकाळी न सांगता मी सरांच्या घरी जाऊन बसले.

वाटी तीच. कोहळं तेच. मंगलाताईंनी चहा दिला, पण बिस्किटाचा पुडा माझ्यासमोरसुद्धा फोडला नाही, भैरू मागेल म्हणून. मला लाज वाटली.

"सर, फिरायला कोणत्या वाटेने नेता?"

सरांनी मंगलाताईंकडे बघितलं. मंगलाताईंनी चुलीकडे, म्हणजे गॅसकडे.

"चला, मी पण येते," मी म्हटलं.

तिसऱ्याच फाटकावर एक बाई ताटली घेऊन उभी. ताटलीत पोळी, पोळीवर मोहरीचं तेल थबथबलेलं. "या भैरूमहाराज!" तिने हात जोडले. भैरूने दोन घासांत पोळी संपवली. पुढच्या घरी दुसरी ताटली. त्याच्या पुढे डबा घेऊन आजी. पाठक सर आभाळाकडे बघत उभे. अशी अकरा घरं झाली.

"काऊन हो बाई, इतकं तेल?" मी एकीला विचारलं.

"लेकाले साडेसाती लागली, काकू. शनिवारी काळ्या कुत्र्याले तेलाची पोळी द्या लागते. कॉलनीत काळा हाय तरी कुठं दुसरा? सारे भुरेच."

"पण हा पथ्यावर आहे."

"बाप्पा! तुमीच तं म्हटलं होतं! मंगलाताईनं सांगतलं आमाले. शेल्टरच्या काकू म्हणते, काळा हाय, घरबसल्या शनिवार होते."

खरंच, म्हटलं होतं मीच. लठ्ठ कुत्रा कोणी नेत नाही, म्हणून त्याची एक चांगली बाजू सांगायला गेले होते. तीच अकरा घरांच्या तव्यावर भाजली जात होती.

घरी आल्यावर मंगलाताईंनी विचारलं, "परत नेता का?"

सर म्हणाले, "रिटायर झाल्यावर दोन वर्षं मी त्या खुर्चीतून उठलो नाही, काकू. हा आला अन् मले रोज ओढून बाहेर काढते. लोकाले नाही म्हणणं मले जमत नाही. कोणाच्या लेकराच्या साडेसातीच्या उपायाले आडवा कसा येऊ?"

हे मला पटलं. शिक्षक माणूस, पण शनीपुढे हात टेकतो. मग मी कॉलनीतल्या मारुतीच्या देवळातल्या गुरुजींकडे गेले. सगळं सांगितलं. ते पोटभर हसले.

"काकू, कुत्र्याले घास द्यायचा असते. टोपलं नाही. सांगतो मी."

त्याच संध्याकाळी आरती झाल्यावर त्यांनी सांगितलं, पोळीचा बोटभर तुकडा, तेल नुसतं लावलेलं, आणि एका शनिवारी एकाच घराने. एक आजी म्हणाल्या, "अन् पुण्य कमी लागलं तं?"

"अन् त्याचे पाय गेले तं? ते पाप कोणाच्या पत्रिकेत मांडू, आजी?"

आजींनी आपली पाळी कोणत्या शनिवारी, तेवढं विचारून घेतलं.

उरलेल्या पोळ्यांचं काय, हा प्रश्न मंगलाताईंनी सोडवला. शनिवारी सर सगळ्यांच्या कोरड्या पोळ्या डब्यात गोळा करून शेल्टरवर आणतात. आमची बाकीची कुत्री काळी नाहीत, पण पोट त्यांनाही आहे.

महिन्याने काट्यावर सत्तावीस आणि थोडं वर भरलं. डॉक्टरांनी पुन्हा पाय वाकवला आणि सही केली. शेठ म्हणाले, "आता माल वाळला." मी हसले. आज भैरू तेवीस किलोचा आहे. सरांच्या ओट्याच्या तीन पायऱ्या स्वतः चढतो. वर जाऊन धापा टाकतो सरांसारख्याच, पण चढतो.

आमच्या फॉर्मवर मी आता एक ओळ हाताने लिहिते: शनिवारी घरी काय करता? लोकांना गंमत वाटते. उत्तर मिळेपर्यंत मी पट्टा देत नाही. आणि कुत्रा काळा असला तर त्याच्या रंगाबद्दल मी एक शब्द बोलत नाही. तो त्यांना दिसतोच.