चाळीस पावलांचा नियम

सुदाम कतरला आला ड्रायव्हर म्हणून, पण तिथे त्याला मान मिळाला तो पायी चालण्यामुळे.

दोह्याच्या अबू हमूर भागातल्या एका मोठ्या घरी त्याला नोकरी लागली, तेव्हा तो पस्तिशीला टेकला होता. मालकाला घरातले सगळे नोकर बाबा म्हणत, म्हणून तोही म्हणू लागला. बाबांचं उत्तरेकडे, अल रुवैसच्या वाटेवर शेत होतं. शेत म्हणजे खजुराची थोडी झाडं, उंटांचा गोठा आणि त्यामागे तारेचं कुंपण घातलेलं मैलोन् मैल उजाड रान. त्या रानात बाबांनी वाळवंटी हरणांचा कळप पाळला होता. दर शुक्रवारी सुदाम त्यांना गाडीतून तिथे न्यायचा आणि सावलीत बसून राहायचा.

एका शुक्रवारी उंटाचं पिल्लू हरवलं. शेतावरच्या माणसांनी दोन गाड्या घेऊन रान पालथं घातलं, पण पत्ता लागेना. सुदाम बराच वेळ बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"बाबा, गाड्या थांबवायला सांगा," तो मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाला. "चाकांनी माग पुसला जातोय."

मग चपला काढून तो एकटाच निघाला. तासाभराने पिल्लाला घेऊन परत आला. ते मागच्या डाव्या पायाने लंगडत होतं, हे त्याला पिल्लू दिसायच्या आधीच मातीने सांगितलं होतं.

"हे कुठे शिकलास?" बाबांनी विचारलं.

सुदाम घुटमळला. वाशीमकडच्या ज्या पारधी बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, तो वाढला, तिथे ही विद्या बाहेरच्यासमोर बोलायची सोय नव्हती. पंचक्रोशीत कुठे शेळी चोरीला गेली तरी पोलिसांची गाडी आधी बेड्यावर यायची. त्याचा बाप गायपारधी. शिकवलेल्या गाईच्या आडोशाने, तिच्या पावलात पाऊल टाकत हरणापर्यंत पोचणारा. फाशात गाभण मादी सापडली तर बाप तिला स्वतःच्या हाताने सोडून द्यायचा. पुढे कायद्याने शिकार बंद झाली, ती बापानेही सोडली. पण पोराला मात्र रिकाम्या हाताने हरणाजवळ जाऊन परत यायला शिकवलं. "हरणाला न बिथरवता परत आलास, तर तू पारधी," असं म्हणायचा.

हे सगळं सुदामने त्या दिवशी पहिल्यांदा एका परक्या माणसाला सांगितलं. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "माझे आजोबा उंटाच्या आडून जायचे."

तेव्हापासून सुदाम शेतावरचा माणूस झाला.

दर हिवाळ्यात परवाना काढून बाबा कळपातले दोन-तीन म्हातारे नर कमी करत. त्यांचा नियम एकच: बंदुकीत एक गोळी आणि जनावरापासून चाळीस पावलं. त्याच्या आत पोचता आलं नाही तर घरी परत. सुदाम उंटाला घेऊन पुढे चालायचा, बाबा त्याच्या मागे. कधी चार-चार तास जायचे आणि शेवटच्या क्षणी वारा फिरायचा. हरणं उधळली की बाबा वाळूत बसून खदखदून हसायचे. "आज त्याचा दिवस होता," म्हणायचे.

बाबांचा धाकटा मुलगा हमजा बारा वर्षांचा झाला, तेव्हा त्यांनी त्याला सुदामच्या हाती सोपवलं. सुदामने त्याला मुठीतून माती सोडून वारा बघायला शिकवलं, पोटावर सरकायला शिकवलं, तासन् तास न हलता पडून राहायला शिकवलं. पोरगा चिकट होता. गुडघे सोलवटले तरी रडायचा नाही. दुपारी खजुराखाली दोघं एका ताटात जेवत आणि हमजा खोदून खोदून विचारत राही. असंच एकदा सुदामने त्याला सांगून टाकलं की आमच्या लोकांना तिकडे चोर म्हणतात, शाळेत माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही. हमजाला ते खरंच वाटेना. "मी बसलो असतो," तो म्हणाला. सुदामने ही गोष्ट फोनवर बबीताला, आपल्या बायकोला, किती वेळा सांगितली असेल, गणतीच नाही.

हमजा शिकायला परदेशी गेला आणि सहा वर्षांनी परतला. येताना लांब पल्ल्याच्या नेमबाजीचं वेड घेऊन आला. नवी रायफल, तिच्यावर हातभर दुर्बीण, अंतर मोजायचं यंत्र. कागदी निशाण्यावर तो सातशे मीटरवरून गोळी मारायचा आणि ती खरोखर वाटीएवढ्या जागेत बसायची. सुदामलाही त्याचं कौतुक वाटलं.

"मग हरणाला का नाही?" हमजा म्हणायचा. "त्याला कळतसुद्धा नाही. भीती नाही, धावपळ नाही. तुमच्या पद्धतीत ते शेवटी माणूस बघतं आणि घाबरतं. सांग, दया कशात आहे?"

सुदामने यावर दोन दिवस विचार केला. मग म्हणाला, "कागद जागचा हलत नाही. गोळी तिथून निघून इथे पोचेपर्यंत हरीण एक पाऊल टाकतं. ते पाऊल तुझ्या हातात नाही. आणि जवळ गेलं की परत फिरता येतं, हमजा. लांबून कुणी परत फिरत नाही."

हमजाने त्याच्या खांद्यावर हात टाकला. "बरं. या वर्षी तुझ्याच पद्धतीने. शब्द देतो."

त्या जानेवारीत बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. कळपातल्या एका म्हाताऱ्या नराचे दात झिजले होते, तो खंगत चालला होता. त्याला तडफडू न देता मोकळं करायचं काम बाबांनी हमजावर टाकलं. "सुदाम सांगेल तसं कर," एवढंच म्हणाले.

सकाळी दव वाळल्यावर दोघं निघाले. ठरलं असं की सुदामने उंट घेऊन वाऱ्याच्या खालच्या अंगाने पुढे जायचं आणि हमजाने त्याच्या मागे सरकत यायचं. सुदाम दीड तास चालला. मधेच थांबायचा, उंटाला झुडपं खाऊ द्यायचा, पुन्हा दोन पावलं. नराने एकदा मान वर केली, उंट बघितला आणि परत चरायला लागला. पंचेचाळीस पावलं. चाळीस. सुदामने खाली हात करून खूण केली. मागून काहीच हालचाल झाली नाही. त्याने हळूच मान वळवली.

मागे कुणीही नव्हतं. वाळूवर फक्त त्याच्या आणि उंटाच्या पावलांचा माग होता.

तेवढ्यात डोक्यावरून चाबूक फुटल्यासारखा आवाज गेला. समोर थप्प झालं, आणि मग कुठूनतरी लांबून बंदुकीचा बार ऐकू आला. नराने नेमकं त्याच वेळी पुढचं झुडूप हुंगायला पाऊल टाकलं होतं. गोळी छातीत लागायची ती पोटात लागली. तो कोलमडला, उठला आणि पळत सुटला. उंट सुदामच्या हातातली दोरी हिसकून उधळला. दूरच्या उंचवट्यावर गाडीची काच चमकली.

सुदाम तिथेच खाली बसला. हमजा सरकत आलाच नव्हता. नराला एका जागी, बंदुकीकडे कूस करून उभा ठेवायला त्याला कुणीतरी हवं होतं, आणि ते काम सुदामने दीड तास जीव ओतून केलं होतं.

मग तो उठला आणि रक्ताच्या मागावर निघाला. नर सापडायला दुपार झाली. बाभळीखाली पडला होता, डोळे उघडे. सुदामने त्याच्या मानेवर हात ठेवला, बापाची क्षमा मागितली आणि सुरीने त्याला सोडवलं.

हमजा गाडी घेऊन आला. "सातशे वीस मीटर!" तो म्हणाला. मग सुदामचा चेहरा बघून म्हणाला, "थोडी मागे लागली. होतं असं."

"तू शब्द दिला होतास."

"यल्ला, चल सुदाम, आता त्याचं काय! बाबांना सांगू नकोस म्हणजे झालं."

सुदाम सांगणार नव्हताच. पण जनावर घरी गेलं आणि बाबांनी ते सोलताना बघितलं. दुसऱ्या दिवशी दोघांना बैठकीत, चार माणसांसमोर बोलावलं.

"पोटात गोळी कशी लागली?" बाबांनी विचारलं.

हमजा एक क्षणही अडखळला नाही. "मी गाडीपाशी होतो. रायफल सुदामने घेतली. त्याला वाटलं, जमेल."

"सुदामने?"

"ते लोक चोरूनच शिकार करतात, बाबा. तिकडे त्यांना चोर म्हणतात. त्यानेच मला सांगितलंय."

सुदामच्या कानात वारं भरल्यासारखं झालं. पुढचं अरबी त्याला कळेनासं झालं. फक्त खजुराखालचं ते ताट डोळ्यांसमोर आलं.

"खरं का?" बाबांनी त्याच्याकडे वळून विचारलं.

"मी रायफलला हात लावला नाही, बाबा."

बाबांनी किती अंतरावरून, ते विचारलं नाही. वारा कुठला होता, तू कुठे उभा होतास, काहीच नाही. जो माणूस जखम बघून गोळीची दिशा सांगायचा, तो आज जमिनीवरच्या गालिच्याकडे बघत होता. आणि सुदामला कळलं की यांना सगळं ठाऊक आहे.

"उद्यापासून शेतावर जाऊ नकोस," बाबा म्हणाले. "नातवंडांना शाळेत सोडत जा."

हमजाचं खोटं सुदामने कदाचित गिळलं असतं. तरणं पोर, घाबरलं असेल. पण बाबांचं ते खाली बघणं त्याच्या घशाखाली उतरेना. तीन महिने त्याने मुलांना शाळेत सोडलं, आणलं. बबीताने फोनवर विचारलं, "हल्ली शेतावरचं काही सांगत नाही तुम्ही?" तर म्हणाला, "गाडीचं काम वाढलंय."

एप्रिलमध्ये बाबा एकदा गाडीत पुढच्या सीटवर, त्याच्या शेजारी येऊन बसले. असं ते कधी बसत नसत.

"मला त्याच दिवशी माहीत होतं," ते म्हणाले. "पण तो माझा मुलगा आहे. चार माणसांत त्याला मान खाली घालायला लावता आली नाही. हिवाळ्यात परत शेतावर जा. इन्शाल्ला, सगळं पूर्वीसारखं होईल."

सुदामने गाडी बाजूला घेतली.

"बाबा, तुम्ही मला चोर समजला असता तर मी राहिलो असतो. एक दिवस तुम्हाला खरं कळेल, या आशेवर राहिलो असतो. पण तुम्हाला कळलेलंच होतं." तो थांबला. "आता खलास. मला दुसरीकडे जाऊ द्या."

बाबांनी अडवलं नाही. नोकरी बदलायच्या कागदावर सही करताना मात्र ते पुन्हा खाली बघत होते.

आता सुदाम अल रुवैसच्या बंदरावरून मासळीचा बर्फगाडा दोह्याला नेतो. वाटेत ते शेत लागतं. तो तिकडे बघतो, बघत नाही असं नाही. पण वेग कमी करत नाही.

गेल्या डिसेंबरात त्याला एक अनोळखी फोन आला. बाबांनी शेतावर नवा माणूस ठेवला होता, सुदानी. त्याला कुणीतरी सुदामचा नंबर दिला होता. हरणं जवळ येऊ देत नाहीत, काय करू, विचारत होता. सुदामने फोन ठेवला नाही. बंदरावर पेट्या भरून होईपर्यंत त्याने सगळं सांगितलं: वारा, उंट, सावली, कुठल्या वेळी कळप कुठे असतो.

"आणि एक," तो शेवटी म्हणाला. "जनावराच्या जवळ पोचलास की मागे कोण आहे, ते बघून घेत जा."

"का? साप असतात का?" त्या माणसाने विचारलं.

"बघत जा," सुदाम म्हणाला, आणि गाड्याचं दार लावायला गेला.