आवसेचं ऑईल

गाडी मेकॅनिककडं दिली की नुसती दुरुस्त होते. घरच्या घरी खोलली की किस्सा तयार होतो, आणि आमच्या केजच्या जीप स्टँडवर सगळंच घरच्या घरी. सीटा भरेपर्यंत रोज एकेक सांगत बसलं तरी संपायचे नाहीत, एवढे साचलेत. त्यातले ऑईल बदलायचे किस्से मात्र सगळे महादू नानांचे.

आधी आमची रीत सांगतो. आवसेला, म्हणजे अमावस्येला, लोक प्रवास टाळतात. पॅसेंजर नसतात. मग आम्ही गाड्या धुतो, नवं लिंबू-मिरची बांधतो आणि ज्याची पाळी असेल त्याच्या जीपचं इंजिन ऑईल बदलतो. बदलणार नाना. आम्हा सगळ्यांना स्टेअरिंग धरायला त्यांनीच शिकवलं. नजर अधू झाली तशी त्यांनी स्वतःची जीप विकली, पण आवस काही सोडली नाही. त्यांचा नियम एकच. ते गाडीखाली असताना दुसऱ्यानं वाकून बघायचं नाही. "दोघांनी हात घातला की दोघांनाबी वाटतं, नट दुसऱ्यानं आवळलाय," असं म्हणतात. ते खरंही आहे म्हणा.

*

पहिला किस्सा माझ्याच जीपचा. आवसेला ऑईल बदललं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी भरून अंबाजोगाईला निघालो. थोडं पुढं गेलो तर बॉनेटमधून हा धूर! "पेटली, पेटली" करत सगळी गाडी रिकामी झाली. एक आजी तेवढ्या टोपली मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

म्हटलं, "आजी, उतरा की."

"मी अंबाजोगाईला उतरणार हाय," आजी म्हणाल्या.

बॉनेट उघडलं. ऑईल ओतायच्या तोंडाचं झाकणच नव्हतं. आतलं ऑईल उडून गरम सायलेन्सरवर पडत होतं, त्याचा तो धूर. फडकं कोंबलं, आजींसकट गाडी हळूहळू स्टँडवर परत आणली. झाकणासाठी आम्ही स्टँडची माती चाळली. तेवढ्यात नानांची बायको, म्हणजे आमच्या काकू, घरून आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी झाकण पुढं केलं.

"सदरा धुताना खिशात गावलं. तुमच्यातल्या कुणाचं हाय का?"

नाना तिथंच बसलेले. शांतपणे म्हणाले, "हरवू नये म्हणून तर खिशात ठेवलतं."

*

दुसरा अस्लमचा. अस्लम आमच्या स्टँडचा सगळ्यात तोंडाळ ड्रायव्हर. जुनं काढलेलं ऑईल आम्ही फेकत नाही. ऊसतोडीला जाणारा दगडू ते घेऊन जातो आणि बैलगाडीच्या आसाला लावतो. एकदा अस्लमच्या जीपचं ऑईल बदललं, आणि चार-आठ दिवसांनी दगडू मुद्दाम स्टँडवर आला.

"नाना, दर टायमाला निस्तं काळं डांबर असायचं. ह्या टायमाचं ऑईल लई झाक हाय. मधावानी. चाकं आवाजच करीनात."

अस्लमच्या हातात चहा होता. तो त्यानं खाली ठेवला.

"मग माझ्या गाडीत काय हाय?"

डिझेल इंजिनात नवं ऑईलसुद्धा लगेच काळं पडतं, त्यामुळं ऑईल मोजायची पट्टी काढून बघितलं तरी कुणाला कळायचं नाही. नानांनी जुनं ऑईल डब्यात काढलं होतं, तेच परत इंजिनात ओतलं आणि नवा डबा दगडूच्या हवाली केला. अस्लमनं एकदा नानांकडं बघितलं आणि मग दगडूकडं वळला.

"दगडू बे, बैलांचं ॲव्हरेज किती वाढलं ते सांग."

स्टँड हसलं. नानाही हसले, पण जरा उशिरा.

*

तिसऱ्याला कुणी हसलं नाही. तीही अस्लमचीच जीप. अंबाजोगाईच्या रस्त्याला चालत्या गाडीत ऑईलचा लाल दिवा लागला. अस्लमनं तिथल्या तिथं इंजिन बंद केलं म्हणून वाचलं. मागं बघतो तर रस्त्यावर ऑईलची काळी रेघ ओढलेली. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती आणि तिच्यावरच नवा फिल्टर रिंगेसकट आवळलेला. दोन रिंगा एकावर एक; महिनाभर कशाबशा टिकल्या आणि त्या दिवशी सुटल्या. आणखी थोडी चालली असती तर इंजिन जाम. वर गाडीत बाळंतपणाला निघालेली एक बाई होती. माझी जीप मागून येत होती, तिला मी घेतलं आणि दवाखान्यात वेळेत पोचवलं. मुलगी झाली.

परत आलो तर अस्लम ती जुनी रिंग हातात घेऊन बसलेला.

"नाना बापाच्या जागी हायत," तो म्हणाला. "पन आता बास. आज जाऊन सांगू."

दोघं नानांच्या घरी गेलो. नाना न्हाव्याकडं गेलते. काकूंनी पाणी दिलं आणि स्वतःच बोलायला लागल्या.

"उद्या आवस न्हवं का, म्हणून दाढी कराय गेलेत. पाने तर सकाळीच घासून ठेवलेत. बाकीचा महिना निस्ते भिताडाकडं बघत बसतेत, जेवायला दहादा हाका माराव्या लागतेत. तुमी काही कामानं आलतात का?"

मी अस्लमकडं बघितलं.

"काय न्हाई काकू," अस्लम म्हणाला. "उद्या पुन्हा माझीच गाडी हाय, तेवढं सांगाय आलतो."

बाहेर आल्यावर मी त्याला धरला. "हे काय केलंस बे?"

"मग तुझं तोंड कुणी शिवलतं का?"

*

तेव्हापासून आमचं ठरलेलं आहे. नानांचं काम झालं की ज्याची गाडी तो "ट्रायल मारून येतो" म्हणून निघतो आणि गावाबाहेर कॅनॉलच्या पुलापाशी थांबतो. तिथं रस्त्याकडंला उताणं पडून खालचा नट आवळायचा, रिंग बघायची, झाकण बघायचं, पट्टी बघायची. कधी नट नुसता हातानं फिरवलेला असतो. कधी फडकं आतच राहिलेलं असतं. एकदा मी बरोबर होतो तेव्हा अस्लमनं सगळं तपासलं आणि काहीच चुकलेलं निघालं नाही. तरी तो बराच वेळ गाडीखालून बाहेर आला नाही. मी वाकून बघितलं तर पडल्या पडल्या एकटाच हसत होता.

"नाना आज फॉर्मात हायत रे," म्हणाला.

खरं सांगू, मला हे चोरून तपासणं बरं वाटत नाही. ज्या माणसानं पाना धरायला शिकवला, त्याच्याच कामावर पाठीमागून पाना लावायचा. पण गाडीत रोज माणसं बसतात, लेकुरवाळ्या बाया बसतात. आणि तिकडं एका माणसाचा अख्खा महिना त्या एका दिवसावर तगून आहे. यातलं एकही सोडवत नाही. म्हणून पुलापाशी थांबतो.

*

परवाच्या आवसेला माझी पाळी होती. नाना माझ्या जीपखालून निघाले. कमरेवर हात ठेवून दमानं उभे राहिले, हात पुसले आणि बॉनेटवर थाप मारली.

"झालं. जा, ट्रायल मारून ये."

मी गाडी सुरू केली, गियर टाकला. तेवढ्यात नाना खिडकीशी आले. हातात घडी घातलेलं एक पोतं होतं. त्यांनी ते माझ्या शेजारच्या सीटवर टाकलं.

"पुलापाशी नवी खडी टाकलीय," नाना म्हणाले. "पाठीखाली घे."