बाससाठी चुकीची दोरी

टेलर मास्तरांच्या कात्रीपुढे भलेभले कोट सरळ होत; मासेमारीत मात्र त्यांना ढ म्हटलं तर ढ या अक्षराने नाराज व्हावं. तरी ते गळांच्या दुकानात उभे होते. कारण घरी त्यांचे थोरले भाऊ, दादा, भिंतीकडे तोंड करून पडले होते. वहिनी गेल्यापासून ते कोणाशी एक शब्द बोलले नव्हते. घासही जबरदस्तीने जात होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

दादांचा जीव रमायचा तो तळ्यावर. गळाला बांधलेला पिसांचा खोटा बेडूक पाण्यावर फेकायचा आणि मोठ्या जबड्याचा बास मासा त्यावर झेपावला की गावभर सांगत सुटायचं. त्यांची जुनी दोरी तडकली होती. नवी आणली तर माणूस उठेल, एवढीच मास्तरांची आशा उरली होती.

"बाससाठी म्हणताय तर..." दुकानदाराने तोंड उघडलं.

"दोऱ्यातलं मला शिकवू नका," मास्तर म्हणाले. रेशमाला जाड दोरा कोण लावतं? हलक्या पिसांना बारीक दोरी. त्यांनी सगळ्यांत नाजूक उचलली.

दादांच्या खिडकीखाली उभं राहून त्यांनी ती दादांचा बेडूक बांधून फेकून पाहिली. दोरी लुळी पडली, बेडूक गिरकी घेऊन मागे आला आणि मास्तरांच्या विजारीच्या बैठकीत रुतला. बायको गळ काढायला वाकली, तोच वरून आवाज आला.

"अरे शहाण्या, दोरा आणलास की काय? बेडकाला कुठलं वजन? फेकतो आपण दोरी, बेडूक नुसता मागे जातो. जाड हवी, पुढच्या टोकाला जड. पडद्याच्या काठात शिसं कशाला घालतोस रे, शोभेला?"

दादा खिडकीत उभे होते. मास्तर रडत होते. गळ रुतल्यामुळे, असं त्यांनी बायकोला सांगितलं.

तसेच धावत जाऊन त्यांनी जाड, पुढे जड, पाण्यावर तरंगणारी दोरी आणली. दादांनी ती चिमटीत फिरवली, मान डोलावली आणि पुन्हा भिंतीकडे वळले. संध्याकाळ झाली. ताट तसंच परत आलं.

"काही बोलले?" बायकोने विचारलं.

"बरोबर आणली ना. आता काय बोलतील."

सकाळी दुकान उघडायच्या आधीच मास्तर पायरीवर बसले होते.

"तळाला बुडणारी दोरी द्या."

"अहो, तुमचा बेडूक पाण्यावर चालणारा. तोही जाईल खाली. दादा फाडून खातील तुम्हाला."

"नक्की?" मास्तरांनी विचारलं. "मग तीच बांधा. आणि याहून चुकीची असेल, तर तीही दाखवा."