पणजीच्या शेजारची जागा

निजामाच्या राज्यात कुणी फिरस्ता चित्रकार शिरूर कासारला आला होता. त्यानं आमच्या दुकानातच मुक्काम ठोकून पणजोबा आणि पणजीची दोन चित्रं रंगवली. पणजोबा डोक्याला रुमाल बांधून, कपाळाला भस्माचे पट्टे ओढून उजवीकडं बघतात. पणजी इरकली लुगडं नेसून, नथ घालून डावीकडं. शेजारी शेजारी टांगली की दोघं एकमेकांकडं बघतायत असं वाटायचं.

थोरला भाऊ आणि मी वेगळे झालो तेव्हा शेत, दुकान सगळं गुण्यागोविंदानं वाटलं. चित्रांपाशी मात्र माझ्यातला न्यायाधीश जागा झाला.

"दोन चित्रं, दोन भाऊ. एकेक घ्यायचं."

"आरं, जोडा हाय तो," भाऊ म्हणाला.

"हिस्सा म्हंजे हिस्सा."

पणजोबा त्याच्यासोबत बीडला गेले. पणजी माझ्याकडं राहिली आणि कोऱ्या भिंतीकडं बघत बसली. आलागेला विचारायचा, "मालक कुठं गेले हिचे?" शेवटी मी माझाच फेटा बांधलेला फोटो मोठा करून, सोनेरी चौकटीत घालून तिच्या शेजारी टांगला. मला तर तो लई रुबाबदार वाटला.

"आवं, नका लावू तिथं. कसंतरीच दिसतंय," बायको म्हणाली. मला वाटलं, हिला माझं कौतुक बघवत नाही.

मग एकदा नांदूरघाटहून तिचे लांबचे मामा आले. मी आत अंघोळ करत होतो. मामांनी भिंतीकडं पाहिलं आणि हात जोडून उभे राहिले. बायको पाणी घेऊन आली तर गहिवरून म्हणाले, "लई वाईट झालं पोरी. आमाला कुणी कळवलं बी न्हाई."

तेवढ्यात मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो. "मामा, कवा आलात?"

मामा खुर्चीत कोसळलेच. बायकोच्या हातातला तांब्या पडला आणि ती हसत हसत भिंतीला टेकून खाली बसली.

फोटो उतरवला. पणजीला चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीनं बीडला निघालो. मोठ्या मनानं हिस्सा सोडतोय, अशा अर्थाचं छोटंसं भाषण वाटेत पाठ केलं. पण भावाच्या घरी पोचलो तर पणजोबांच्या शेजारी एक मोकळा खिळा आधीच ठोकलेला.

"हा कावून ठोकला?" मी विचारलं.

"वाटणी झाली तवाच ठोकलाय. तू येणार, म्हाईत होतं."

भाषण तसंच ठेवून मी पणजीची चादर सोडली. भावानं स्टुलावर चढून पणजीला टांगलं. "सरळ हाय का बघ."

"डावीकडं झुकलीय."

"तुजी नजरच वाकडी हाय बे!"

"तू खाली उतरून बघ की मग!"

वेगळे झाल्यापासून आम्ही जपून, पाहुण्यांसारखं बोलत होतो. त्या दुपारी चांगलं कडाकडा भांडलो. वहिनीनं आतून ओरडून विचारलं, "भाऊजी, मुक्कामाला हाय ना?" भाऊच म्हणाला, "ऱ्हातोय तो."